माहेरी गेली की बरी होते

आमच्या छातीच्या डॉक्टर मॅडम गेल्या वर्षापासून माझ्या मागं लागल्यात. दम्याच्या पेशंटांसाठी चार पानं लिहा म्हणतात. "तुमच्यासारख्या लई बायका येतात माझ्याकडं. त्यांना धीर येईल." मी म्हटलं, मॅडम, माझ्याकडं धीर नाय, राग आहे. तो चालत असेल तर लिहिते. त्या हसल्या. म्हणाल्या, रागच लिहा मग.

म्हणून आधीच सांगते. आजारानं मला शहाणं केलं, नम्र केलं, देवाची ओळख करून दिली, असलं काही इथं मिळायचं नाही. आजारानं मला धाप दिली. बाकी जे शिकले ते घरच्या माणसांकडून शिकले, आणि ते शिकले नसते तरी चाललं असतं.

घरात काय होतं

आमचं घर शहागंजच्या मागच्या गल्लीत. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पाठीमागं एक लांबडी खोली, वर एक खोली. धंदा कूलर भाड्यानं द्यायचा. उन्हाळा लागला की कॉलेजची पोरं, भाडेकरू, लग्नाची घरं पत्र्याचे कूलर घेऊन जातात आणि मृग लागला की आणून टाकतात. येतात ते ओलेच. तिन्ही बाजूंच्या जाळीत भरलेलं गवत उन्हाळाभर पाणी पिऊन काळं पडलेलं असतं. त्यात आमच्या शहराचं पाणी. नळ आठवड्यातनं एकदा आला तर आला. ड्रममध्ये साठवलेलं पाणी कूलरमध्ये ओतायचं, आणि टाकीतलं जुनं पाणी फेकणाऱ्याला लोक वेड्यात काढणार. कुणी फेकत नाही. त्याच कुजक्या पाण्यात नवं पाणी पडत राहतं.

मग पावसाळ्याच्या तोंडाशी हे गवत काढून टाकावं की नाही? नाही. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. जुनं गवत आत राहिलं की जाळीचा आकार राहतो, पत्रा चेपत नाही. ते उपसायचं महाशिवरात्र झाल्यावर, नवं भरायच्या आधी. तोवर सगळे कूलर मागच्या खोलीत, एकावर एक, पार छतापर्यंत. आणि शिवरात्रीनंतर उपसायचं कुणी? मी. तोंडाला पदर बांधायचा आणि हातानं ओढून काढायचं. हात लावला की काळी भुकटी उडायची. पदर झटकला की झालं, लागा स्वयंपाकाला.

घरात आम्ही पाच जणं. मी, आमचे हे, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मुलगा सचिन, आणि सगळ्यात शेवटी आलेली सून अश्विनी. ती आली तोवर माझ्या छातीचं पार वाटोळं झालेलं होतं.

ताट वेगळं

सुरुवात खोकल्यानं झाली. मग छातीत शिट्टी वाजायला लागली. आत्याबाई म्हणायच्या, "मांजर पाळलंय काय गं छातीत?" गल्लीतल्या डॉक्टरनं पंप दिला, तर घरात बोंब. पंपाची सवय लागती, पंप शेवटचा असतो, पंप घेणाऱ्या बाईच्या पोरांची लग्नं जमत नाहीत. ज्याला त्याला माझ्या छातीवर बोलायचा हक्क. एकीनं कांद्याचा रस सांगितला, एकानं जिवंत मासोळी गिळायला सांगितली. एक दूरच्या वन्सं तर म्हणाल्या, "मनात काही ठेवू नका, मन मोकळं केलं की दमा जातो." मी मन मोकळं केलं असतं तर त्या पुन्हा आमच्या दारात आल्या नसत्या.

मग एक्स-रेत डाग दिसला. कुणीतरी टीबी म्हणालं, आणि झालं. बेडक्यात टीबी कधीच सापडला नाही, तरी महिनोन् महिने त्या गोळ्या गिळल्या. लघवी लाल, तोंड कडू आणि खोकला होता तिथंच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. घरात माझं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला. कुणी बोललं नाही. नुसता एक दिवस माझा पेला खिडकीत दिसला.

आणि मला मागच्या खोलीत हलवलं.

हे मात्र नीट वाचा. मला तिथं टाकून दिलं नव्हतं. रस्त्याकडची धूळ लागू नये, माणसांच्या येण्याजाण्याचा त्रास होऊ नये, म्हणून ह्यांनी स्वतः कूलर सरकवले, खाट बसेल एवढी जागा केली, नवी उशी आणली. बाहेरची हवा बाधेल म्हणून खिडकी खिळा ठोकून बंद केली. सकाळी उठून तिथंच अनुलोम-विलोम करायला सांगितलं. मी रोज पहाटे कूलरांच्या भिंतीकडं तोंड करून लांब लांब श्वास घ्यायचे. प्रेमानं केलं म्हणून माफ कर, असं मला भाऊसुद्धा म्हणाला. नाही करत. प्रेम केलं तर डोळे उघडे ठेवून करावं.

सोयगाव

माझं माहेर सोयगावचं. भावाचं घर गावाबाहेर, शेतात. पोळ्याला भाऊ न्यायला आला. एसटीत बसताना मला दोन पायऱ्या चढवेनात. तिकडं गेले आणि आठ-पंधरा दिवसांत शिट्टी थांबली. भाकरी गोड लागायला लागली. विहिरीपर्यंत जाऊन यायला लागले. मला वाटलं, टीबीच्या गोळ्या लागू पडल्या.

परत आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांजर हजर.

असं एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा दिवाळीला झालं. मग ते वाक्य निघालं, जे गल्लीत, नात्यात, लग्नाच्या पंगतीत सगळीकडं फिरलं. "माहेरी गेली की बरी होते." म्हणजे काय ते सांगायला नको. सासरी काम नको, म्हणून नाटकं. ह्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण कुणी म्हटलं की हे पेपर वाचायला घ्यायचे.

खरं सांगू? सगळ्यात वाईट काय, तर मलाच पटायला लागलं होतं. माणसाला श्वास येत नाही आणि तो मनात म्हणतोय, मी खरंच नाटक करते का? अशी कशी मी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो ना, तसा मी माझाच मला देत होते. या लोकांवर माझा सगळ्यात मोठा राग आहे तो याचा. दम लागला त्याचा नाही.

निदान

सचिनचं लग्न उन्हाळ्यात झालं. पाऊस लागला, कूलर परत आले, मागची खोली गच्च भरली. श्रावणात एका दुपारी मी गवार निवडत बसले होते. खोकला सुरू झाला तो थांबेचना. नखं निळी पडली. अश्विनी नवी नवरी, पण तीच ओरडली, "अहो, रिक्षा आणा, बघत काय बसलात!" औरंगपुऱ्यात एका छातीच्या दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, वाफ दिली. मी खोकले आणि तोंडातनं ट्रेमध्ये एक तपकिरी गाठ पडली. भिजलेल्या चिंचेच्या तुकड्यासारखी. नर्सनं नाक मुरडलं. याच त्या डॉक्टर मॅडम. त्यांनी मात्र तो ट्रे जवळ ओढून घेतला.

"असल्या गाठी आधी पडल्यात?"

मी मान हलवली. पडल्या होत्या. मला वाटायचं, पानातला कात असेल. पान मी खात नाही, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं!

"त्रास कधी जास्त होतो?"

माझ्या तोंडाला मास्क. उत्तर आत्याबाईंनी दिलं. "कधी म्हंजे? सासरी असली की. माहेरी गेली की बरी होते बघा. सोयगावला गेली की टुणटुणीत. नाटकं हायेत सगळी, डॉक्टरीणबाई."

मी डोळे मिटून घेतले. परक्या बाईसमोर, बेडवर पडल्या पडल्या, अब्रू गेली असं वाटलं.

मॅडमचा पेन थांबला. "परत सांगा, आजी. गेल्यावर किती दिवसांनी बरं वाटतं?"

आत्याबाईंना आयुष्यात पहिल्यांदा त्या विषयावर इतका चांगला श्रोता मिळाला. त्यांनी खुलून सांगितलं. कधी गेली, कधी बरी झाली, आल्यावर कधी बिघडली, सगळं तोंडपाठ. एवढं माझं मला ठाऊक नव्हतं.

"झोपतात कुठं या?"

"मागच्या खोलीत. एकटीच. राणीवानी."

"त्या खोलीत आणखी काय आहे?"

"कूलर," हे म्हणाले.

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात भाड्यानं जातात, मॅडम. बाकी सगळं वर्ष तिथंच. धंदाच आहे आपला."

मॅडम माझ्याकडं वळल्या. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही नाटक करत नाही." मास्कच्या आत मी अशी रडले की नर्स ऑक्सिजन बघायला धावली.

उलटी फौज

मग तपासण्या. हातावर वेगवेगळ्या ॲलर्जीचे थेंब टाकून सुईनं टोचलं. बाकीचे थेंब गप्प राहिले आणि बुरशीच्या थेंबाखाली ही एवढी गांध उठली. रक्तातला ॲलर्जीचा आकडा हजारांत निघाला. छातीचा मोठा फोटो काढला. मॅडमनं जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते.

कूलरच्या कुजक्या गवतावर बुरशी वाढते, आणि तिचं बी डोळ्याला दिसत नाही. हवेतनं ते सगळ्यांच्याच छातीत जातं. आत्याबाईंच्या गेलं, ह्यांच्याही गेलं. त्यांचं शरीर ते झाडून टाकतं आणि विसरतं. माझं शरीर विसरत नाही. त्यानं त्या बियाची खूण धरून ठेवलीय. एक बी दिसलं की रक्तातली सगळी फौज उठते आणि जाते श्वासनळ्यांत दंगा करायला. नळ्या सुजतात, आवळतात, चिकट बेडका सुटतो. आणि मजा बघा, त्या चिकट बेडक्यातच बुरशी मुक्काम ठोकते. जिला हाकलायला एवढा गोंधळ, तिलाच राहायला घर. ती तिथं वाढली की फौज आणखी चिडते. या मारामारीत नळ्या ताणून सैल पडतात. एक्स-रेत दिसला तो डाग हाच, टीबी कधी नव्हताच. कुंपणच शेत खात होतं.

मी विचारलं, "म्हणजे माझी प्रतिकारशक्ती कमी आहे?"

"कमी नाही. भलत्या ठिकाणी जास्त आहे."

आणि मी तीन वर्षं प्रतिकारशक्ती वाढवायचे काढे पीत होते. कुणाकुणाच्या हातचे प्याले, आठवलं की आजही डोकं फिरतं.

उपाय असा, की एका गोळीनं फौज शांत करायची, दुसरीनं बुरशी मारायची, पंप रोज घ्यायचा. यातली एकही गोळी आपल्या मनानं चालू-बंद करायची नाही. "पण ती खोली राहिली तर माझ्या गोळ्यांचा उपयोग नाही," मॅडम ह्यांना म्हणाल्या. "मी आतली आग विझवते, तुम्ही बाहेरनं रॉकेल ओतताय. आणि सैल पडलेली नळी पुन्हा घट्ट होत नाही. पुढच्या पावसाळ्यात यांना चोवीस तास ऑक्सिजन लागावा, असं वाटतंय का?"

हे खाली बघत होते. मग डोकं खाजवलं आणि विचारलं, "पण मॅडम, एवढे कूलर ठेवायचे कुठं?"

मी शुद्धीत होते. ऐकलं.

खाला

दवाखान्यातले दिवस सगळे सारखेच. पहाटे रक्त, मग वाफ, मग गुळण्या, मग पातळ उपमा, मग वाट बघणं. गोळीनं तोंड टम्म फुगलं, साखर चढली, भूक अशी लागायची की उपम्याचं ताट चाटून पुसून ठेवायचे. भेटायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, "अय्या, तब्येत सुधारली की तुमची!" एकीला मी म्हटलं, तुम्हाला पण लिहून मागू का गोळी? ती सफरचंदं ठेवून निघून गेली.

शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या खाला होत्या. छातीत पाणी झालेलं. मी ह्यांच्यावर, घरावर, दुनियेवर बडबडत राहायचे आणि मधेच धाप लागायची. खाला म्हणायच्या, "अगे बाई, पयले सांस ले. गुस्सा बाद में कर. गुस्सा कहाँ भागा जारा?" त्यांची लेक डब्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा आणायची आणि अर्धा डबा न विचारता माझ्या ताटात. वेगळ्या ताटात नाही, त्यांच्याच ताटाच्या झाकणात. मला भरून आलं आणि मी खाली मान घालून जेवले. त्या दवाखान्यातलं चांगलं एवढंच आठवतं.

सुट्टी मिळाली तेव्हा रिक्षात बसायच्या आधी मी ह्यांना सांगितलं, "कूलर घरातनं गेल्याशिवाय मी घरात येणार नाही." हे म्हणाले, "असं रस्त्यावर काय बोलतीस?" भाऊ भेटायला आला होता, त्याच्याबरोबर मी सोयगावला निघून गेले. गल्लीला चघळायला आयतंच मिळालं.

खोली मोकळी झाली

माहेर गोड असतं ते चार दिवसांचं. महिना उलटला तसं वहिनी एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "वन्सं, दाजी काय म्हणतात?" वाईट नाही बोलली, पण मला कळलं. मी गोळ्या घेत राहिले, बांधावर चालत राहिले. रक्तातला आकडा निम्म्यावर आला. ह्यांचा फोन यायचा, जेवलीस का, बरी आहेस का, एवढंच.

दसरा झाल्यावर एक दिवस म्हणाले, "खोली मोकळी केली. चुना मारला. खिडकी पण उघडली. ये आता."

मी खोटं कशाला बोलू, मला लई आनंद झाला. भावानं सीताफळांची पिशवी भरून दिली. घरी आले. मागची खोली पांढरीशुभ्र, खिडकीतनं ऊन आलेलं, खाटेवर नवी चादर. मी मधोमध उभी राहून श्वास घेतला, पोटापर्यंत गेला. हे दारात उभे होते. म्हणाले, "बघ, केलं की नाय?" मला ह्यांचं कौतुक वाटलं. लिहून ठेवते, कारण ते संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

चहा झाल्यावर सीताफळं घेऊन अश्विनीला द्यायला वर तिच्या आणि सचिनच्या खोलीत गेले. जिन्यातच छातीनं ओळखलं. दार ढकललं. पलंग खिडकीला चिकटवलेला, आणि उरलेल्या तिन्ही भिंतींना कूलर, छतापर्यंत. काळं गवत जाळीतनं बाहेर आलेलं. अश्विनी पलंगावर बसून साडीला फॉल लावत होती. मला बघून उठली, हसली. पलंग सोडला तर मला बसा म्हणायलाही जागा नव्हती.

मी खाली आले. "वर काय ठेवलंय?"

हे म्हणाले, "अगं, वर हवा खेळती असते. आणि अश्विनीला कुठं दमा आहे?"

आत्याबाई म्हणाल्या, "तरणीताठी पोर हाय ती. तिला कशाला काय होतंय?"

"मला तरी कुठं होता, आत्याबाई?" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारचा रेडिओ बंद झाला. "तुमच्या घरात यायच्या आधी मी डोंगर चढून सरपण आणायचे! दमा माहेराहून आंदण आणला होता काय?"

सचिन मोबाइलमध्ये बघत होता. मी मॅडमनं दिलेला मास्क चढवला, वर गेले आणि सगळ्यात वरचा कूलर ओढला. तो पलंगावर पडला, तिथनं जिन्यात लोटला. पत्र्याचा असा आवाज झाला की गल्लीतली दारं उघडली. मी तो ढकलत ढकलत रस्त्यावर नेला आणि दुसरा आणायला वळले. धाप लागली होती. पायरीवर बसून पंप घेतला.

"आत चल. लोक बघतायत," हे म्हणाले.

"बघू द्या. एकतर हे कूलर बाहेर जातील, नाहीतर आम्ही दोघी. तिला मी इथं ठेवत नाही."

सचिननं मोबाइल खिशात घातला. वर गेला आणि दुसरा कूलर खांद्यावर घेऊन आला. मग हे उठले. तोंड पाडून, पण उठले. गल्लीत कूलरांची रांग लागली. अश्विनी जिन्यात आली, तिनंही हात पुढं केला. मी ओरडले, "तू लांब हो! हात लावू नको त्याला!"

ती घाबरून माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आई, मला पण आठ दिवस झाले. सकाळी उठलं की छातीत वाजतं. बोलले नाही. नवीन आहे ना मी."

मी तिचा हात धरला. सकाळपर्यंत थांबले नाही. तशीच रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन मॅडमकडं गेले. ह्यांना विचारलं नाही.